दिव्यावरची टिकली

९ नोव्हेंबर

गाडी आली. प्रतिक्षाने ठाण्याहून स्वतः चालवत आणली, अंगणात पेरूखाली लावली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि दुपारच्या एसटीने परतही गेली. आपलीच लेक आहे म्हणून सांगते, भेट देतानासुद्धा तिचा चेहरा परीक्षेला आलेल्या इन्स्पेक्टरसारखा असतो. जेवताना तिने अट घातली. संक्रांतीला ती येणार. तोवर आम्ही दोघं गाडीने नीट हिंडू-फिरू लागलो, आणि वेळ आली तर कुणाच्या मदतीशिवाय मोठ्या डॉक्टरपर्यंत पोचू अशी तिची खात्री पटली, तर जव्हारलाच राहायचं. नाहीतर घराला कुलूप लावून तिच्याकडे, चौदाव्या मजल्यावर.

"चौदाव्या मजल्यावर वारा किती छान येतो, बाबा!"

"वारा इथंही येतो," तुळशीदास म्हणाले. "लिफ्टची वाट न बघता येतो."

मला वाटलं होतं, गाडी तेच चालवतील. मोखाड्याच्या पंचायत समितीत विस्तार अधिकारी असताना ड्रायव्हर रजेवर गेला की सरकारी जीप हेच हाकायचे, आणि ड्रायव्हर बहुधा रजेवरच असायचा. पण किल्ली पुढे केली तर हात मागे बांधून उभे. "आयुष्यभर हाकली. आता मी साहेब आणि तुम्ही ड्रायव्हर, मास्तरीणबाई."

लायसन्स माझ्याकडे आहे खरं. प्रतिक्षाच्या बाळंतपणाला ठाण्याला राहिले होते, तेव्हा दुपारी बाळ झोपलं की क्लासला जायची. पण तिथे रस्ता सपाट होता आणि शेजारी शिकवणाऱ्याचा ब्रेक होता.

१२ नोव्हेंबर

आज यांनी जॅक लावून गाडीची चाकं काढली आणि पुन्हा घातली. पुढची मागे, मागची पुढे. पावसाळा सरला की जीपची चाकं अशीच फिरवायची, हा यांचा जुना नेम. आंबा पिकला का ते चाचपतात तसे रबरावरून हात फिरवत बसले होते. "बरी दोन पुढं घातली. घाटात पुढचीच धरतात." म्हणजे मला गाडी चालवायला लावून काळजी मात्र यांना आहे. तोंडाने कबूल करणार नाहीत.

मी चहा नेला, तर डाव्या हाताशी ठेवलेला कप कोपराने उडवला. सासूबाईंच्या वेळच्या सेटमधला होता. "चहा उजवीकडं ठेवावा, हे कॉन्व्हेंटात शिकवत नाहीत?" वर मलाच.

१६ नोव्हेंबर

पहिल्यांदा बाजारात गाडी नेली आणि गावभर शोभा झाली.

प्रतिक्षाने पोटुशी असताना या तिच्या जुन्या गाडीत गर्भसंस्काराचं ध्वनिमुद्रण लावलं होतं. नखाएवढा पेनड्राइव्ह आहे, तो त्या खाचेत असा रुतून बसलाय की चिमट्यानेही निघत नाही. गाडी सुरू केली की समोरचा टीव्हीसारखा पडदा जागा व्हायला बराच वेळ घेतो. तोवर कुठलंच बटण ऐकत नाही, आवाज मात्र पूर्ण फुटतो. आणि दर वेळी सुरुवातीपासून. एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर गाडी बंद पडली, मी परत सुरू केली, चारही काचा उघड्या, आणि एक मधाळ बाई सगळ्या बाजाराला म्हणाली, "अभिनंदन! तुम्ही आई होणार आहात."

सुकट विकणारी मंगळी टोपलीमागून उठूनच आली. तिच्या दोन्ही पोरी माझ्या हाताखाली शिकल्या, त्यामुळे तिला माझी भीती अशी कधी वाटली नाही.

"काय गं बाय, आन् मला सांगलं पण नाय!"

"मंगळे, पुढे हो. गाडीचा पडदा बिघडलाय."

"पडदा कसला! बाई सोता सांगते ना." मग वाकून यांच्याकडे बघत, "साहेब, सुकट नको देऊ ना बायला? वास सोसायचा नाय आथा."

"अर्धा किलो दे," हे म्हणाले. "हिला डोहाळेच सुकटीचे लागलेत."

साठी उलटलेल्या बाईला भर बाजारात डोहाळे! मी इतकी लाल झाले की परत गाडी बंद पडली. पुन्हा अभिनंदन.

२३ नोव्हेंबर

सकाळी स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या डाव्या बाजूला एक पिवळा दिवा लागला. चित्र असं, की कुणी कढईत उद्गारचिन्ह तळायला सोडलंय. नाशिकच्या शाळेत आमच्या सिस्टर मोनिका निबंध तपासताना प्रत्येक उद्गारचिन्हाखाली लाल रेघ मारायच्या. चांगल्या मुली ओरडत नाहीत, पूर्णविराम देतात, असं त्यांचं म्हणणं. या गाडीला त्यांच्या वर्गात बसवायला हवं होतं. पडदा जागा झाल्यावर त्यावर गाडीचं चित्र आलं, पुढचं डावं चाक तांबडं. हवा कमी.

"अहो, हा दिवा बघा."

हे खिडकीतून वाकले. "कुठाय?"

"तो काय, डावीकडे."

"काही नाही तिथं."

"अहो, चांगला पिवळा जळतोय!"

"मला नाही दिसत बुवा." आणि चाकाला एक लाथ घालून, "ठणठणीत आहे."

इतकी वर्षं संसार झाला तरी मला चिडवायची यांची हौस फिटत नाही. डोळ्यांसमोरचा दिवा नाही म्हणतात! मी मात्र चिडले नाही. पूर्णविराम दिला.

२५ नोव्हेंबर

स्टँडजवळच्या नवशाच्या पंक्चरच्या दुकानात गेले. त्याने पुढच्या डाव्या चाकाला मीटर लावला. हवा बरोबर. तरी आलीच आहे म्हणून चारही चाकांत थोडी थोडी मारली. दिवा विझला. नवशा कल्याणला गॅरेजात होता, तिथून हिंदी घेऊन आलाय. "टेन्शन नका घेऊ मॅडम, नयी गाडी नखरा करती है." गाडी नवी नाही, नखरा मात्र खरा.

३० नोव्हेंबर

एक गोष्ट लिहावी की नाही, असं वाटत होतं. पण डायरी माझी आहे.

हे आजकाल पेपर वाचत नाहीत. सकाळी ओटीवर बसतात आणि म्हणतात, तूच वाच. पहिल्या दिवशी वाटलं आळस. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, "बातम्या सगळ्या सारख्याच. तुझा आवाज ऐकला की निदान त्या शिकलेल्या वाटतात." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा असं काही बोलला, तर बायकोने काय करावं? मी भावांचे रकानेसुद्धा वाचून दाखवले. कांदा, लसूण, सगळं.

७ डिसेंबर

दिवा परत. पुन्हा पुढचं डावं. नवशाने या वेळी ते चाकच काढलं आणि पाण्याच्या टबात फिरवलं. मी आणि हे वाकून बघत होतो. एकही बुडबुडा नाही.

"चाक एक नंबर आहे मॅडम. सेन्सर गया. झूट बोलतो. दिव्यावर काळी पट्टी मारून देऊ? टेम्पोवाले सगळे तसंच करतात."

काळी पट्टी मला बघवेना. कपाळाची टिकली काढली आणि दिव्यावर लावली. मरून, मधल्या आकाराची. कढई झाकली गेली.

"आता गाडी सवाष्ण दिसते," हे म्हणाले. टिकलीकडे यांचं लक्ष गेलं, म्हणून मला बरं वाटलं. मग आठवलं, लावताना मीच मोठ्याने सांगितलं होतं.

संध्याकाळी प्रतिक्षाचा फोन. "आई, कुठला दिवा वगैरे लागत नाही ना?"

"दिसत नाही," मी म्हटलं.

खोटं बोलले नाही. सिस्टर मोनिकांनी याला काय म्हटलं असतं, ते मात्र लिहीत नाही.

१४ डिसेंबर

मोखाड्याच्या बाजाराला गेलो! जाऊन आलो! (सिस्टर, माफ करा.) रस्ताभर वळणं आहेत, पण मी एकदाही कुणाला शिव्या द्यायला लावल्या नाहीत. गर्भसंस्काराची बाई चौथ्या महिन्यापर्यंत आली, तेवढ्यात मोखाडा आलं. परतताना पुन्हा पहिल्यापासून. जव्हार-मोखाड्याच्या अंतरात आमचं बाळ चौथ्याच्या पुढे जातच नाही.

बाजारात यांनी माझा दंड धरला. भर गर्दीत! पूर्वी हे माझ्या चार पावलं पुढे चालायचे, मी मागून पिशव्या घेऊन. आज नागलीच्या ढिगांपासून मडक्यांपर्यंत सोडला नाही. मंगळी तिथेही टोपली मांडून बसली होती.

"बघा बघा, नवीन जोडी! चवथा लागला की नवरा असाच धरतो."

एका म्हाताऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याला यांचा डावा पाय लागला, तो ओरडला. "वाटेत खुराडं ठेवतात का?" म्हणून हेच वर तोंड करून भांडले. खुराडं वाटेत नव्हतं. मी म्हाताऱ्याची समजूत काढली.

येताना हे म्हणाले, "गाडी मागं डावीकडं जड वाटते."

"तुम्ही पाच किलो वांगी घेतलीत, ती तिकडेच आहेत."

"असेल," म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

२१ डिसेंबर

मन बरं नाही.

काल सनसेट पॉइंटला गेलो होतो. लग्नानंतर पहिल्यांदा यांनी मला जव्हार दाखवलं ते तिथूनच. मी नाशिकची, मला वाटायचं शहर सोडून कुठे येऊन पडले. तेव्हा यांनी बोटाने एकेक डोंगर दाखवून, जणू स्वतःच्या मालकीचे असावेत तशी ओळख करून दिली होती. त्या दिवशी मी जव्हारची झाले.

काल सूर्य अजून वर होता आणि खाली दरीत, डावीकडे, बगळ्यांची एक लांब रांग चालली होती. मी म्हटलं, "बघा ना." हे म्हणाले, "हो, हो, छान," आणि भलतीकडेच बघत राहिले. कौतुक तर नाहीच, नजरसुद्धा वळवली नाही.

मला कळून चुकलं. यांचं मन इथून उडालंय. गाडी चालवत नाहीत, पेपर बघत नाहीत, डोंगर बघत नाहीत. मनाने हे केव्हाच चौदाव्या मजल्यावर जाऊन बसलेत, मला दुखवायला नको म्हणून बोलत नाहीत एवढंच. मी एकटीच क्लच दाबत बसले आहे. कुणासाठी?

२८ डिसेंबर

आज विचारलंच. "तुम्हाला ठाण्याला जायचंय का? खरं सांगा."

यांनी आधी अंगणाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "इथं मला अंधारातसुद्धा सगळं सापडतं. पायरी कुठं, विहीर कुठं, पेरू कुठं. तिथं माझं काय असणार आहे?"

मग नक्की झालंय काय या माणसाला? उत्तर दिलं की प्रश्न विचारला, तेच कळत नाही. तरी रात्रीच्या भाकऱ्या आज बऱ्या फुगल्या.

४ जानेवारी, नाशिक

दिवसभर स्टिअरिंग धरून बोटं आखडलीत. अक्षर वाईट येणार.

सकाळी मोखाड्याला निघालो. जव्हार सोडून बरंच पुढे आल्यावर, सागाच्या रानात, गाडी धप् धप् करत एका बाजूला बसायला लागली. मी कडेला घेतली. उतरून आधी पुढचं डावं चाक बघितलं, ज्याच्यावर इतके दिवस आळ होता ते. ते चांगलं टणक, फुगून उभं. मागचं डावं मात्र रिमवर आलेलं.

"अहो, हे तर मागचं!"

हे चाकापाशी बसले, हात फिरवला आणि मग कपाळावर मारून घेतला. "अगं, हे पुढचंच होतं! मीच मागं घातलं. चाकाची जागा बदलली, पण गाडीला कुणी सांगितलंच नाही. ती बिचारी याच चाकाचं नाव घेत होती, जुन्या जागेवरून."

मला इतकं हसू आलं की रस्त्यावर बसावं लागलं. नवशाचा टब, माझी टिकली, सगळं आठवलं. गाडी पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती. आम्हीच भलत्या चाकाकडे बघत होतो.

यांनी बाह्या सरसावल्या. जॅक लावला, नट सोडवून डाव्या पायाशी ठेवले, चाक उतरवलं, स्टेपनी चढवली. मला हात लावू दिला नाही. मी आपली बघत उभी, हा माणूस अजून किती सफाईने काम करतो म्हणून. मग यांनी नटासाठी हात खाली नेला. जमीन चाचपली. इकडे, तिकडे. नट यांच्या चपलेला लागून पडले होते. वर लख्ख ऊन होतं, चकाकत होते.

"अहो, तिथेच आहेत," मी हसत म्हटलं. वाटलं, चिडवतायत.

हेही हसले. आणि हात दुसरीकडेच गेला.

मी खाली बसले, नट उचलले आणि एकेक करून यांच्या तळहातावर ठेवत गेले. हे पिळत गेले. शेवटचा घट्ट झाल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

पाना पुसत राहिले. "गणपतीच्या आधी. डाव्या बाजूनं आधी कडा गेल्या, मग आत आत यायला लागलं. उजवा बरा आहे अजून. थोडा."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर प्रतिक्षानं त्याच दिवशी उचलून चौदाव्या मजल्यावर ठेवलं असतं."

"म्हणून डोळा घालवायचा? मी काय परकी होते? वेड्यासारखी भाव वाचून दाखवत होते तुम्हाला, कांदा-लसणाचे!"

"ते मला आवडायचं. ते खोटं नव्हतं."

"आणि दंड धरलात तो?"

"तो पण." मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा उजवीकडे बघत म्हणाले, "रागावू नको. तू दिव्याला टिकली लावलीस, मी तोंडाला. फरक काय?"

मी गाडीत जाऊन बसले आणि आधी ती टिकली खरवडून काढली. खालून कढई अजून पिवळी जळतच होती. टिकली कपाळावर लावायला गेले, तर डिंक गेलेला. राहीना.

"चला, बसा."

"घरी?"

"नाशिकला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"तोरंगणचा घाट आहे मध्ये. तू घाट कधी चालवलेला नाहीस."

"तुम्ही सांगा, मी चालवते. शेजारी ब्रेक नाहीये, तेवढंच."

मोखाड्याला पंक्चर काढून घेतलं. चाकात खिळा निघाला, गंजलेला, कधीचा कोण जाणे. चारही चाकांत हवा भरली. घाटात पडदा काळा पडला तो पडलाच, आवाजही बंद. इतके दिवस जिचा जाच झाला, त्या गर्भसंस्काराच्या बाईची आज मला आठवण आली. तिच्याऐवजी हे बोलत होते. "आता डावीकडं वळण. दुसरा गिअर. घाई नको. पुढं वडाचं झाड येईल, तिथून सरळ." घाट यांना पाठ होता. झाड दर वेळी सांगितल्या जागी येत होतं.

त्र्यंबक मागे टाकल्यावर मी हळूच रडून घेतलं. डावीकडच्या सीटवरून ते यांना दिसलं असेल, कारण मी यांच्या उजव्या बाजूला होते. यांनी नुसता गिअरवरच्या हातावर हात ठेवला. "तिसरा टाक आता."

आज मुक्काम माहेरी, माझ्या दादाकडे.

५ जानेवारी, नाशिक

काचबिंदू. डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि गोड बोलत नाहीत, ते बरं वाटलं. जे गेलं ते येणार नाही. जे आहे ते थेंबांनी राखता येईल, पण थेंब चुकता कामा नयेत, आणि तपासणीला ठरल्या वेळी यायचं. आणखी थोडं थांबला असतात तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

बाहेर बाकावर बसून प्रतिक्षाला फोन केला. सगळं सांगितलं. टिकलीसकट. ती आधी माझ्यावर ओरडली, मग यांच्यावर, मग दोघांवर मिळून. मग नाक ओढत विचारलं, "पण आई, नाशिकला कसे पोचलात?"

"गाडीने."

"घाट कुणी चढवला?"

"मी."

"आणि बाबा?"

"शेजारी. साहेब."

पलीकडून हसू आलं की हुंदका, कळलं नाही. "बरं," ती म्हणाली. "चौदाव्या मजल्याचं राहू दे. संक्रांतीला मीच येते. पण थेंब चुकले तर दोघांना उचलून आणीन. आणि कुठलाही दिवा लागला की आधी मला सांगायचं. गाडीचा असो, नाहीतर बाबांचा."

संध्याकाळी एका गॅरेजमध्ये गाडीला चाकांच्या नव्या जागा शिकवून घेतल्या. पडदाही जागा झाला. पेनड्राइव्ह काढून देऊ का, म्हणून तिथल्या माणसाने विचारलं. मी हो म्हणणार होते, तेवढ्यात हे म्हणाले, "राहू दे."

६ जानेवारी, जव्हार

सकाळी थेंब घातले आणि निघालो. गाडी सुरू केल्याबरोबर अभिनंदन झालं. मी आवाज कमी करायला गेले, तर यांनी हात धरला. "चालू दे. चौथ्याच्या पुढं काय होतं, ते कधी कळलंच नाही."

त्र्यंबकला पाचवा लागला. घाट उतरताना सहावा. मी घाट उतरवत होते आणि ती बाई मला दीर्घ श्वास घ्यायला सांगत होती. या वेळी मी घेतले. मोखाड्याच्या अलीकडे ती म्हणाली, "आता सातवा महिना. बाळ पापण्या उघडू लागलं आहे. त्याला उजेड आणि अंधार कळू लागला आहे. त्याच्याशी बोला."

मी गिअर बदलला. मग हे म्हणाले, "बोल की."

"काय बोलू?"

"काय दिसतंय ते सांग."

मग मी सांगत आले. पळसाला कळ्या धरल्यात. एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी आणि हातात मोबाइल घेऊन चाललीय. डावीकडे शेतात भाताची खुंटं, त्यात बगळे. या वेळी यांनी मान पुरती डावीकडे वळवली, खांद्यापर्यंत, आणि उजव्या डोळ्याने बघितलं. "पाच," म्हणाले. सहा होते. मी पाचच म्हटलं.

अंगणात पेरूखाली गाडी लावली. किल्लीला हात घातला, तर म्हणाले, "बंद नको करू. नववा चाललाय. बंद केलीस तर परत पहिल्यापासून."

म्हणून बसून राहिलो. इंजिन चालू, दारं बंद. मंगळी सुकट घेऊन गल्लीतून चालली होती, आम्हाला तसं बसलेलं बघून फाटकातून आत आली आणि काचेवर टकटक केलं.

"काय गं बाय, उतरत का नाय? साहेबाला बरं नाय का?"

यांनी काच खाली केली आणि बोट ओठांवर ठेवलं. "थांब जरा, मंगळे. होतंच आहे आता."

मंगळीने कान दिला. मग डोक्यावरची टोपली उतरवून पेरूखाली ठेवली, आणि बॉनेटला टेकून तीही थांबली.